उणे एकतीस

पहाटेचे पाच. इथे जानेवारीत पहाट हा शब्द
घड्याळापुरताच.
सोदानक्युलाच्या उत्तरेला खडीच्या खाणीत
पिवळा लोडर रात्रभर उभा, बादलीत बर्फ धरून.
यौको सांगतो, दर तासाला नांगी टाकतो,
अर्धी ताकद, नारिंगी दिवा,
दोन सेन्सर बदलून झाले, दोन्ही नवे, दोन्ही महाग.
मागच्या मेकॅनिकबद्दल तो जे म्हणाला
ते मी लिहीत नाही.

इंकेरी वाराला बोलत नाही.
चावीकडे गेलेला त्याचा हात
ती नुसत्या भुवईनं थांबवते.
'गरम झालं की कुठलंही खोटं खपतं,' मला म्हणते,
'थंड असतानाच विचारायचं.'

धुराच्या वाटेवर चार सेन्सर.
रात्रभर विझलेल्या लोखंडात चौघांनी
एकच आकडा सांगायला हवा,
जो शेडच्या दारावरचा थर्मामीटर सांगतोय.
उणे एकतीस, म्हणतो पहिला.
उणे एकतीस, दुसरा.
चौथा जरा उदार: उणे तीस.
तिसरा म्हणतो, एकशे सत्याऐंशी.

त्या नळीला माझा हातमोजा चिकटून बसलाय
आणि तिसरा म्हणतो, एकशे सत्याऐंशी.

'लबाड,' मी म्हणालो.
'त्यानं काय सांगितलं ते तू अजून ऐकलंच नाहीस.
ऐकणाऱ्यापाशी काय पोचलं, तेवढं वाचलंस.'

मग मल्टिमीटर, ज्याची काच थंडीनं अंधुक.
सेन्सरच्या तोंडाशी: एकशे शहात्तर ओहम.
गार प्लॅटिनमनं बोलावं तेवढंच,
एक अक्षर जास्त नाही.
तारेच्या दुसऱ्या टोकाला, संगणकाच्या पेटीपाशी:
तीनशे बेचाळीस.
मधे दोन मीटर तार.
मधे एकशे सहासष्ट कुणी घातले?

ती वायरिंगवरून बोटं फिरवत निघाली,
डाव्या हाताची. उजव्याची दोन
तीस वर्षांच्या इम्पॅक्ट रेंचनं पांढरी करून टाकलीत,
त्यांना ती कामाला लावत नाही.
टर्बोच्या मागे, पट्टीच्या धारेवर, ती थांबली.
कुणीतरी टाय नको तितका आवळलेला.
नखाएवढं कातडं घासून गेलेलं,
रस्त्याचं मीठ आत शिरलेलं,
आणि तांबं हिरवं, शेवाळासारखं, मऊ.

'यंत्राला दुसरं काही कळत नाही,' ती म्हणाली,
'वाटेत अडलं की त्याला वाटतं, तापलंय.'
बाहेर यौको बर्फात पाय आपटत होता.
आम्ही दोघांनीही त्याच्याकडे बघायचं टाळलं.

कापलं, जोडलं, वर नळी चढवली,
टॉर्चच्या निळ्या जिभेखाली ती आक्रसून घट्ट बसली.
उणे एकतीस, म्हणाला तिसरा,
जणू कधी वेगळं बोललाच नव्हता.

काढून फेकलेले दोन सेन्सर यौकोच्या केबिनमध्ये
रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात होते.
तिनं दोन्ही मोजले. एकशे शहात्तर. एकशे शहात्तर.
फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिले.
'ठेव. यांचं काही चुकलं नव्हतं.'
तो काही म्हणाला नाही, पण डबा खिशात घालून बघितला,
मावत नव्हता, तरी.

नंतर शेडमध्ये कॉफी.
स्टीलचा कप, मला हातमोज्यातूनही धरवेना.
तिनं उजव्या हातात धरला होता, उघड्या,
वाफ मनगटापर्यंत.
'भाजतंय,' मी म्हणालो.
तिनं कपाकडे पाहिलं,
दुसऱ्याच्या टेबलावर ठेवलेल्या वस्तूकडे पाहावं तसं,
आणि तो डाव्या हातात घेतला.
'रोव्हानिएमीच्या डॉक्टरणीनं बर्फाच्या पाण्यात
हात बुडवायला लावला, घड्याळ घेऊन बसली.
बोटं ठीक आहेत म्हणाली. मग म्हणाली, तार...'

बाहेर लोडर सुरू झाला.
तिनं कान दिला, पूर्ण दोन मिनिटं,
आणि वाक्य तिथेच राहिलं.