राज्य

सालमियात, मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर,
तासाला तीन दिनार.
मोजे सक्तीचे, त्यांचा अर्धा दिनार वेगळा.
मनगटाला नंबरचा पट्टा बांधायचा
आणि पोराला सोडून द्यायचं
प्लास्टिकच्या चेंडूंत, गळ्यापर्यंत.

खेळून पोट भरणार आहे का, अब्बा विचारायचे,
हर्णैच्या वाळूत कानाला धरून.
भरतं, अब्बा.
एकशे ऐंशी दिनार, खोली कंपनीची,
पगार पाच तारखेला, कधी कधी नऊ.

आईला सांगितलंय, सुपरवायझर आहे.
अगदीच खोटं नाही.
कोण घसरगुंडीवर उलटं चढतंय,
कोण कुणाचे केस ओढतंय,
कुणाची चड्डी ओली झालीय आणि ते पोर सांगत नाहीय,
हे सगळं बघायला मीच असतो.
मुलाला उचलायचं नाही, हा नियम.
रडलं तर गुडघे टेकून त्याच्याएवढं व्हायचं,
हात कॅमेऱ्याला दिसतील असे ठेवून.
गुडघे चौतिसाव्या वर्षीच वाजायला लागलेत.

परवा धुळीचं वादळ होतं.
दुपारी तीनला रस्त्यावर दिवे,
काचेबाहेर नाचणीच्या पिठाच्या रंगाचं आभाळ.
शाळा बंद, म्हणून सगळं सालमिया आमच्याकडे.
लपाछपी. राज्य माझ्यावर.
इथं राज्य नेहमी माझ्यावरच येतं.
मरिविकला एकदा समजावून पाहिलं,
भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून
जो आकडे मोजतो, त्याच्यावर राज्य.
म्हणजे तू राजा?
नाही गं, उलटं.

मी मराठीत मोजतो.
इंग्रजीत पोरांना पुढचा आकडा आधीच कळतो.
मराठीत मी कुठवर आलो
हे या अख्ख्या मजल्यावर कुणाला ठाऊक?
यझनच्या पट्ट्यात चारच मिनिटं उरली होती.
बाप त्याला फक्त गुरुवारी भेटतो
आणि तो तास बाहेर फोनवर काढतो.
पट्टा लाल झाला की पोर शोधून परत द्यायचं,
याचाच मला पगार.
पिवळ्या बोगद्यामागे त्याचा हिरवा मोजा दिसत होता.
मी अठ्ठ्याहत्तर म्हणालो,
एकोणनव्वद म्हणालो,
चुकलो म्हणालो, आणि पुन्हा एकपासून.

तेवढ्यात पाठीत दोन्ही हातांनी दणका.
दब्बा!
धप्पा मीच शिकवलाय, पण प त्यांच्या जिभेवर बसत नाही.
दलाल. वय चार.
आमच्या बंदरात दलाल मासळीचा लिलाव करतो,
इथं दलाल म्हणजे लाड.
बाहेर तिगिस्त तिचे बूट मांडीवर घेऊन बसलेली,
कुणाचं तरी बाळ निजवल्यासारखी.
दलालचा धप्पा धरत नाहीत, ती कच्चा लिंबू.
सगळ्यांबरोबर धावायचं,
पण बाद व्हायचं नाही, मोजलं जायचं नाही.
हा नियम मला कुणी समजवावा लागला नाही.
अकाम्याला अजून सात महिने आहेत.

काचेवर बापाचं घड्याळ वाजलं, टक टक.
मी पुन्हा अठ्ठ्याहत्तरवर होतो.
यझन आपणच बाहेर आला,
ओठ घट्ट मिटलेले,
आणि वळूनही न बघता गेला.
त्याला सापडायचं नव्हतं
की कुणी शोधलंच नाही म्हणून राग होता,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

रात्री चेंडू जाळ्यांत भरून धुवायला काढले.
तळाशी नेहमीचा माल:
क्लिपा, बिस्किटाचा चुरा, उजव्या पायाचा एक मोजा.
आणि एक दात. दुधाचा. समोरचा.

आम्ही दात कौलांवर फेकायचो.
इथं पोरं सांगतात, सूर्याकडे फेकायचा.
इथं कौलं नाहीत
आणि सूर्य त्या दिवशी उगवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.
हरवल्या वस्तूंच्या वहीत मी नोंद केली,
दात, एक,
आणि मालकाच्या रकान्यात बराच वेळ
काही लिहिलं नाही.
मरिविकने दिवे घालवले तेव्हा
पेन हातातच होतं.