फेरफार

निवृत्त तलाठ्याच्या हाताला चैन नसते.
दर्यापूरहून एक कोरं रजिस्टर आणलं
आणि गुलाबांच्या नोंदी घ्यायला बसलो.
रोपवाटिकेतले नव्हेत, ते ताठ, बिनवासाचे.
जुने. फाल्गुनात एकदाच फुलतात,
पाकळ्या इतक्या की मोजणी दरवेळी वेगळी येते.

नोंद एक. टेशनचा गुलाब.
लहान गाडी बंद पडली, रूळ गवतात गेले,
हा सिग्नलच्या खांबाला टेकून आहे.
रंग : गुलाबी.
लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं.
खोडून लिहिलं : कापलेल्या पेरूच्या आतला.

नोंद चार. नजमाबीचा. विहिरीच्या दांडाला.
नोंद सात. पिराजवळचा, शेळ्यांनी खाऊन ठेंगणा.
नोंद नऊ. कवडू धुर्वेच्या कुंपणातला, पांढरा.
कवडू त्याला शेवती म्हणतो, बायको म्हणते कुंपण.

अकोल्याहून प्राध्यापक बाई आल्या, भिंग घेऊन.
देठावरची लव पाहिली, पान चुरगळून हुंगलं.
दमास्क म्हणाल्या, चायना म्हणाल्या,
एकीकडे बराच वेळ काहीच म्हणाल्या नाहीत.
"जातीचा रकाना नाही का ठेवला?"
त्या रकान्याशी मी चौतीस वर्षं जपून वागलोय, बाई.

मग म्हणाल्या, एक आणि चार एकच आहे.
आधीचं नाव राहतं, नंतरचं जातं.
नियम ओळखीचा होता. पुरावा नव्हता.

नजमाबी पाकळ्या निवडत बसली होती.
"मास्तरची बायको अडली होती टेशनावर.
माह्या मायनं सोडवली.
मंग फांदी कोनी कोनाले देल्ली,
थे नाही आठोत बापा.
पोरगी झाली होती, एवढं आठोते."
पोरीचं नाव?
तिने सुपातला एक किडका देठ काढून टाकला.
"थेही नाही आठोत."

घरी आलो. लाल शाई काढली.
कोणाची हरकत येणार नव्हती.
टोपण उघडलं, निबेवर शाई सुकली,
पुन्हा लावलं.
दोन्ही नोंदी तशाच आहेत,
समोर पेन्सिलने : चौकशी बाकी.

चाळीस दिवसांनी तिचा नातू बरणी देऊन गेला,
उन्हात मुरलेला गुलकंद.
सवयीने आधी चिठ्ठी शोधली.
झाकणावर नव्हती. बुडाशीही नव्हती.