सदीकी

अरबीत सदीकी म्हणजे माझा मित्र.
जुबैलच्या कॅम्पात सदीकी म्हणजे
पाण्याच्या बाटलीतून येणारी, पाण्यासारखीच दिसणारी,
काडी लावली तर निळी जळणारी.
बकालावाला यमनी मलाही सदीकीच म्हणतो.
अंडी, खुबूस, रिचार्ज, शुक्रान सदीकी.
एका शब्दात दोघं राहत होतो आम्ही,
भाडं मी भरत होतो.

तेव्हा मी सिक्स-जी वेल्डर.
दिवसा गॅस लाइनचे जोड मारायचो,
रात्री त्यांचा एक्स-रे निघायचा.
इथे जोडांचा एक्स-रे रोज काढतात. माणसाचा
एकदाच, येताना, तोही छातीपुरता.

सी ब्लॉकमागच्या कंटेनरात एक पातेलं होतं,
स्टेनलेसचं, माझ्या हातचं.
खोटं कशाला बोलू, आयुष्यातला
सगळ्यात देखणा जोड मी त्याला मारलाय.
नाण्यांची चळत आडवी पाडावी तसा.
चार वर्षांत थेंब गळला नाही.
कुंजुमोन म्हणायचा, तांडेल,
हे पातेलं तुझ्यापेक्षा जास्त जगणार.

मग हात.
आधी कप बशीशी बोलायला लागला.
मग टॉर्च.
फिल्मवर बुडबुडे आले, पेजेवर फेस यावा तसे.
गुलजमान फोरमननं फिल्म ट्यूबलाइटपुढे धरली,
काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्या हातात ग्राइंडर,
हेल्परचा पगार,
आणि माझं हेल्मेट बिहारच्या एका पोराच्या डोक्यावर.
त्याला ते सैल होत होतं.

घरी सांगितलं, कंपनी अडचणीत आहे.
सुलभा फोनवर जराशी थांबायची.
आवाज ओला येतोय तुमचा, म्हणायची.
मी म्हणायचो, समुद्र जवळ आहे ना.
मृणालीच्या नर्सिंगची फी
आणि बाबांच्या बाराव्याचे पैसे
एकाच महिन्यात संपले. कसे, ते तिनं विचारलं नाही.
बाबा गेले त्या रात्री मी खूप रडलो,
असं कुंजुमोन सांगायचा.
मला आठवत नाही.
ते रडणं त्याच्याकडेच राहिलंय.

रमजानच्या आधी पोलीस आले.
पातेलं नेलं, कुंजुमोनला नेलं.
जोड कुणाचा, कुणी विचारलं नाही.
मी ग्राइंडर चालू ठेवला.

पुढचे नऊ दिवस टेकबहादूरनं मला धरून ठेवलं.
मिठाचा भात, साखरेचं पाणी, कानाखाली दोन.
भिंतीतून मुंग्या निघत होत्या
आणि साल्या मलाच चावत होत्या.
वरच्या बंकच्या पत्र्यावर मी खडूनं रेघा ओढतो,
पाइपवर खूण करतात त्याच खडूनं.
एकेचाळिसाव्या रेघेनंतर थोडी कोरी जागा आहे.
तिच्याबद्दल टेकबहादूर बोलत नाही.
ए ब्लॉकमध्ये अजून मिळते, पस्तीस रियालला.
दार कुठलं, तेही मला पाठ आहे.

दम्मामच्या तुरुंगातून कुंजुमोनचा निरोप आला:
लुंगी पाठव, आणि लोणचं.
बाकी काही नाही.
त्यानं माझं नाव सांगितलं नव्हतं.
सदीकीचा अर्थ मला बारा वर्षं माहीत होता,
म्हणजे तसं वाटत होतं.

आज कोऱ्या जागेपासून एकशे बारा.
परवा टेस्ट पीस दिला मला,
सहा इंची पाइप, तिरका बांधलेला.
श्वास रोखून मारला. दोनदा थांबलो.
बकालावाला विचारत होता, कैफ हालक, सदीकी?
मी अंडी मोजत राहिलो.

फिल्म आली. गुलजमाननं ती माझ्याच हातात दिली.
ट्यूबलाइटपुढे धरली.
एक बुडबुडा आहे, टाचणीच्या टोकाएवढा.
नियमात बसतो, तो म्हणाला, आणि जेवायला गेला.
मी तसाच उभा.
फिल्म हलत होती की ट्यूबलाइट,
नीट कळेना.