टोक झाकून

शनिवारी पहाटे पाचला डेल्मर धक्क्यावर उभा असतो,
पिकअपचे दिवे तसेच चालू ठेवून.
तीन वर्षं झाली माझ्या नि रेनीच्या सह्या होऊन;
अलाबामाच्या कुठल्याच कागदावर आता मी त्याचा जावई नाही.
तरी होडी पाण्यात लोटायला
त्याला एक माणूस लागतो,
आणि मला शनिवार.

मागच्या हिवाळ्यापासून त्याचे हात थरथरतात.
गळ त्याला ओवता येत नाही, नुसतं सांगता येतं.
मला येतं सगळं, त्यानंच शिकवलंय,
तरी तो सांगतो
आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकतो.

"आधी शिसं. बंदुकीच्या गोळीसारखं, टोक वर.
दात कोरायच्या काडीची पाचर मार,
नाहीतर शिसं जाईल एकीकडे नि गांडूळ दुसरीकडे."

सात इंची रबरी गांडूळ. जांभळं, अंगात हिरवी चमक,
बडीशेपेचा वास, मीठ.
मर्टिसच्या दुकानात डझनाची पिशवी मिळते,
कॉफी फुकट, सल्ला न मागता.

"नाकातून घाल. नखभर आत. आता बाजूनं काढ.
ओढ वर, नेढ्यापर्यंत. फिरव."
इथं तो थांबतो. नेहमी इथंच थांबतो.
"आता गळ अंगाला लावून बघ टोक कुठं पोचतं.
तिथंच टोच. अलीकडे नको, पलीकडे नको.
वाकडं बसलं तर पाण्यात भोवऱ्यासारखं गरगरेल,
आणि मासा काही खुळा नाही."

गळ आरपार निघतो.
मग टोक किंचित मागं घेऊन
कातडीखाली जेमतेम लपवायचं:
बोट फिरवलं तर लागू नये,
दाबलं तर लागावं.

समोर दोन मैल गवत. हायड्रिला, कमळपानं,
बुडालेल्या सायप्रसची खोडं,
एक बगळा, रोजचाच.
उघडा गळ टाकणाऱ्याला इथं गवताचे भारे मिळतात
आणि घरी जाऊन सांगायला
निसटलेले मासे.

आम्ही बोलतो तेही असंच.
कार्ब्युरेटर. धरणानं सोडलेलं पाणी.
मर्टिसच्या कुत्र्याचं ऑपरेशन.
रेनीचं नाव कुठं अडकत नाही.

आज साडेसातला, पानांच्या कडेला,
माझ्या तंगुसावर दोनदा टकटक झाली.
नियम ठरलेला: काठी खाली, ढील गोळा, मग झटका.
मी काठी खाली नेली
आणि डेल्मर पाण्याकडे बघत म्हणाला,
"तुला फोन करते का रे ती?"

झटका मी दिला. केव्हा दिला, ठाऊक नाही.
तंगूस ताणला, थरथरला, मग नुसता जड झाला.
ओढत आणला तो हिरवा भारा,
ओल्या गोधडीएवढा,
पाणी गळत, चिखल गळत.
आम्ही दोघांनी तो होडीच्या काठावर उकलला, काडी काडी.
आत मासा नव्हता.
गांडूळ होतं, नाक फाटलेलं,
टोक उघडं.

"नाताळात केला होता एकदा," मी म्हणालो.
"तुमच्या हातांबद्दल विचारत होती."

बराच वेळ तो बोटांवरचं गवत पुसत राहिला,
गवत संपल्यावरही.
मग म्हणाला, "फाटलं तेवढं कापून टाक.
आखूड होईल. चालतं."

मी कापलं. त्यानं हात पुढं केला.
"दे इकडं."

मी त्याचं मनगट धरलं, पण घट्ट नाही.
पहिल्यांदा टोक हुकलं, दुसऱ्यांदा माझ्या अंगठ्यात शिरलं,
तिसऱ्या खेपेला बसलं कातडीखाली.
थोडं वाकडं.
दोघांनाही दिसलं.

फेकलं.
शिसं तळाला टेकेपर्यंत
तंगूस सरकत राहिला पाण्यात,
आणि आम्ही त्याच्याकडे बघत.