पाण्यात म्हैस

ओसाकाची तिकिटं काढली तेव्हाच मी म्हटलं होतं,
पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.
मुकुल म्हणाला, बफेलोत राहून
म्हशीला कशाला नावं ठेवतेस.

मग ईरी सरोवरावरून बर्फ आलं.
तीन दिवस, उभं-आडवं, थांबायचं नाव नाही.
विमानतळ बंद. गाडी रस्त्यावर काढायला बंदी.
ओसाकाहून हॉटेलवाल्यांचं पत्र आलं,
पैसे परत मिळणार नाहीत,
त्यात क्षमा दोनदा मागितलेली.

बॅगा दाराशीच होत्या.
मुकुलने त्या एकेक करून जिन्यावरून नेल्या,
पाहुण्यांच्या खोलीत ठेवल्या,
खाली येऊन म्हणाला,
चेक-इन झालं. खिडकीकडची बाजू तुझी.

तिथलं घड्याळ चौदा तास पुढे.
ओसाकात सकाळचे नऊ वाजतात
तेव्हा आमच्याकडे आदल्या संध्याकाळचे सात.
सातला दात घासायचे आणि निघायचं.
सप्टेंबरभर बसून मी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं,
वेळेसकट, चपला काढाव्या लागतील का इथपर्यंत.

नऊ वाजता उमेदा स्टेशन.
जमिनीखाली म्हणे इतके बोळ की माणसं हरवतात.
आम्ही तळघरात उतरलो.
बॉयलरच्या मागून, मोडक्या ट्रेडमिलला वळसा घालून,
सव्वीस वर्षांच्या खोक्यांमधल्या फटीतून,
आणि खरंच हरवलो.
एका खोक्यात त्याच्या आईची पत्रं निघाली, निळी, घडीच्या जागी फाटलेली.
प्रत्येकाच्या शेवटी तीच ओळ:
तिकडे बर्फ पडतं म्हणतात, पायात मोजे घालत जा.
बाहेर पडायचा रस्ता सापडेपर्यंत
दीड तास गेला.
मुकुलच्या पायात मोजे नव्हते.

जेवायला ताकोयाकी.
आप्पेपात्र माझ्याकडे होतंच,
ऑक्टोपसच्या जागी बटाटा.
त्याने काड्यांनी उचलायला घेतलं, तिसरं खाली पडलं,
मग दोघांनीही हाताने खाल्लं.
तिथे चालत नसेल हे, तो म्हणाला.
मी म्हटलं, आपण तिथेच आहोत, चाललं ना.

रात्री दोनला, म्हणजे दुपारी चारला,
दोतोन्बोरीचा कालवा बघायला निघालो.
आमची गल्ली.
दोन्ही काठांना छातीइतकं बर्फ,
मधून एक माणूस जाईल एवढी वाट.
अकरा वर्षं इथून गाडीने गेलो होतो.
कोपऱ्यावरच्या घराला पितळी बेल आहे,
शिंप्याच्या दुकानाला निळा दरवाजा,
हे पायी गेल्यावर कळलं.
तिथे निऑनचा एक धावणारा माणूस आहे, दोन्ही हात वर;
त्याच्यासारखं उभं राहायला मुकुलने एक पाय उचलला
आणि पडला, सावकाश, पोतं कलंडावं तसा.
उठला नाही. आडवाच म्हणाला,
मिची नि मायोइमाशिता.
म्हणजे काय?
म्हणजे वाट चुकलोय. हे एकच वाक्य पाठ केलंय मी.
एवढंच का, ते मी विचारलं नाही.
हात दिला.
त्याचा हातमोजा माझ्या हातात राहिला आणि तो पुन्हा पडला.

असे सहा दिवस.
पाहुण्यांच्या खोलीतली गादी आमच्या गादीपेक्षा चांगली आहे.
आपल्याकडे आलेल्यांनी हे कधी सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी वहीत फक्त किल्ला उरला होता.
पालिकेच्या यंत्राने आमच्या दारापुढे बर्फाचा डोंगर ढकलला होता.
मुकुलने खोरं घेतलं, मग डाव,
मग नुसते हात.
बुरूज झाले, पायऱ्या झाल्या,
पायथ्याशी त्याने विहीरही खणली,
दिवाळीत मुलं खणतात तशी.
मावळे नव्हते म्हणून बुद्धिबळातली प्यादी.
एक काळं हरवलेलं होतं, तिथे लवंग.

समोरचा कोवालचिक यंत्र घेऊन
त्याचा फुटपाथ साफ करत करत आमच्यापर्यंत आला.
तुम्ही जपानला जाणार होता ना?
परवा परत येतोय, मुकुल म्हणाला.
कोवालचिकने किल्ल्याकडे पाहिलं, लवंगेकडे पाहिलं,
यंत्राचं तोंड वळवलं,
आणि दुसऱ्या बाजूने साफ करत गेला.