चाचणीचं गाणं

डिचोलीच्या बाजारात, चणेकाराच्या गाड्यामागं
पुंडलिक च्यारीचं दुकान.
स्पीकर उघडला की अजून लाल धूळ निघते,
खाणी थांबून इतकी वर्षं झाली तरी.
च्यारी ती ब्रशनं पेपरावर झाडतो
नि म्हणतो, घ्या, तुमचं खनिज.

दुकानाचा एक नियम आहे, कुठं लिहिलेला नाही:
दुरुस्त झालेल्या यंत्रावर पहिलं गाणं
यंत्राच्या मालकानं लावायचं नाही.
बाकावर जो बसला असेल, त्यानं सांगायचं.
म्हणून शनिवारी संध्याकाळी बाकावर जागा नसते.

कायतान येतो, मयेहून.
चाळीस वर्षं मयताच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवला त्यानं,
पण त्याला हवं असतं चा-चा-चा.
मेलेल्यांसाठी पुष्कळ हळू वाजवलं, म्हणतो,
आता मला घाई आहे.

पिएदादच्या फोनमध्ये एक कन्नड भजन आहे.
तिच्या भट्टीवर पीठ मळणारा हावेरीचा पोरगा
गावी गेला तो परतला नाही; गाणं राहिलं.
ती ते चुकीच्या शब्दांत गुणगुणते.
इमामसाब शिंप्याला कन्नड येतं,
तो अर्थ सांगायला गेला एकदा,
तर म्हणाली, नाका रे बाबा.
अर्थ कळला की मग त्यातच अडकायला होतं.

आणि गौरांग, तंत्रनिकेतनातला,
काळ्या बनियनवर कवटी.
त्याच्या लाडक्या बँडचं नाव उच्चारताना
बांगड्याचा काटा घशात अडकतो.
सप्ताहाचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त झाला
तेव्हा नेमका तो बाकावर होता.
देवळाचे सेक्रेटरी उभे, हातात पावती,
आणि त्या भोंग्यातून
जणू अख्खा डंपर दरीत गेला.
साडेचार मिनिटं.
सेक्रेटरींनी चष्मा पुसला.
चालतो म्हणजे चांगला, म्हणाले,
आमचे बुवासुद्धा शेवटी शेवटी असेच ओरडतात.

माझा टेपरेकॉर्डर होता, बाबांचा.
आत कॅसेट तशीच अडकलेली,
जत्रेच्या नाटकातलं कुठलंसं पद,
गायकाचं नावही आता कुणाला आठवत नाही.
बाबा पायपेटी वाजवायचे. हार गायकाला.
बाबांना पहाटे चहा आणि परतीचं भाडं.
ती कॅसेट घरी कधी मी पूर्ण ऐकली नव्हती.

गौरांग म्हणाला, आत आहे तेच लाव.
मला वाटलं, हसेल.
तो पुढं सरकला, कान जवळ नेला,
थांबव, म्हणाला. मागं घे.
हा फाटका आवाज कुणाचा?
गायकाच्या मागं घरघरतोय तो?

भात्याला भोक होतं, मी म्हणाले.
बाबा त्याला चिकटपट्टी लावायचे, ती सुटायची.

हा आवाज मिळवायला, म्हणाला,
आम्ही बावीस हजारांचं पेडल घेतो.
आणि तरी असा येत नाही.

तीनदा ऐकलं त्यानं.
कायताननं बोटांनी हवेत नळी सरकवली,
मग मान हलवली, नाही म्हणून की हो म्हणून, कळलं नाही.
मी मात्र पहिल्यांदाच गायकाला बाजूला सारून
मागं बसलेला माणूस ऐकला:
तान लांबली की तो पाय जरा जोरात मारतो,
भोकातून जाईल तेवढी हवा
आधीच भरून ठेवतो.

जाताना गौरांगनं मला त्याचं एक गाणं पाठवलं.
कदंबच्या शेवटच्या बसमध्ये लावलं,
व्हाळशीपर्यंत सहन केलं.
एका ठिकाणी सगळे एकदम थांबतात,
आणि ड्रम कोसळण्याआधी
कुणीतरी श्वास घेतो. माणसाचा, साधा.
तेवढंच मी पुन्हा ऐकलं, पुन्हा.
गाणं अजून आवडलेलं नाही.

येत्या शनिवारी मिक्सर घेऊन जाणार आहे.
तो बिघडलेला नाही.
पण बाकावर बसायचं
तर मांडीवर काहीतरी हवं.