मासे मोजायचे नाहीत

मादागास्करच्या नैर्ऋत्येला, चुनखडीच्या पठारावर
झाडांनाही पानं परवडत नाहीत, काटेच परवडतात.
तिथं जमिनीत एक भोक आहे.
नकाशात नाही. विचारत विचारत गेले:
तीन दिवस, एक ट्रक, झेबूंची गाडी,
आणि शेवटचा टप्पा पायी, तोही बंद तुटलेल्या चपलेनं.

साठ मीटर दोर. कपाळावरचा दिवा,
एक राखीव, राखीवाचाही एक राखीव.
झाफिसुआनं सगळं हात लावून बघितलं,
लग्नात रुखवत बघतात तसं,
आणि विचारलं, किती दिवस राहणार आहेस आत?
तिचं फ्रेंच मोडकं, माझं त्याहून.

तिच्याकडे काहीच नव्हतं.
कमरेला घट्ट खोचलेलं फडकं, अनवाणी पाय.

भोकाच्या तोंडाशी तिच्या आजोबांनी
बुचातून थोडी रम ओतली दगडावर
आणि पूर्वजांशी बोलत राहिले बराच वेळ.
माझं नाव त्यात दोनदा आलं, दोन्ही वेळा वेगळं.
मग निषेध सांगितले. फादी म्हणतात त्याला तिथे.
डुकराचं मांस खाऊन उतरायचं नाही.
आत कुणाला नावानं हाक मारायची नाही.
मासे मोजायचे नाहीत.

का, ते मी विचारलं नाही.
आमच्याकडेही जेवणाऱ्याचे घास मोजत नाहीत.

आधी ओणवी, मग सरपटत,
मग अशी एक फट
की श्वास सोडल्याशिवाय अंग पुढे जात नाही.
सोडला. गेले.
पलीकडे काळोखाला एकदम उंची आली.

दोर पाठीवरच राहिला.
खडकात पायऱ्या होत्या; म्हणजे पायऱ्या नव्हेत,
पावलांनी झिजवलेल्या वाट्या, टाचेच्या मापाच्या.
मी शोधून काढलेली जागा
इतक्या तळव्यांना आधीच पाठ होती.

पाणी आधी दिसलंच नाही.
कोरडा खळगा समजून पाऊल टाकलं
आणि गुडघ्यापर्यंत बुडाले,
इतकं ते निवळ.
मग हलले ते: बोटाएवढे, शिजलेल्या भाताच्या रंगाचे,
डोळ्यांच्या जागी नुसती कातडी.
माझ्या महागड्या उजेडातून असे गेले
की तिथं काही नव्हतंच.
एक, दोन, ती—
जीभ चावली.

विझव, झाफिसुआ म्हणाली.
इथे तो फक्त तुला लागतो.

विझवला.
आणि पोहायला लागले, शहाणपणा संपल्यासारखी.
चार हात, दहा हात. मग हात थांबले,
कारण काठ कुठला ते कुणी सांगेना.
वर काळोख, खाली तोच,
मधे मी, माझ्याच धापेला दचकत.
हाक मारायची तर नाव घ्यावं लागणार.
गिळली. पाण्याइतकीच थंड होती.

टक्.

दगडावर दगड.
थोडं थांबून पुन्हा, टक्.
घाई नाही, काळजी नाही,
दळण संपत आल्यावर जात्याशी कुणी बसावं तशी ती
काठावर बसून गोटा आपटत होती.

आवाजाकडे वळले तेव्हाच
घोट्याला काहीतरी मऊ लागलं.
थांबलं, चौकशी केली, गेलं.
मग दुसरं. मग टाचेशी, पोटरीशी,
जणू नव्या सुनेला बघायला अख्खी आळी लोटावी.
किती जण आले, ते सांगता येणार नाही.

वर ऊन असं पडलेलं की थोबाडीत मारल्यासारखं.
आजोबा तिथेच बसून होते.
अकरा वर्षं झाली म्हणे गुडघ्यांनी नाही म्हटल्याला.
काय बघितलंस? त्यांनी विचारलं.
काही नाही, म्हटलं. दिसलं नाही.
त्यांचा चेहरा एवढा खुलला
की उरलेली रम त्यांनी बुचात नाही,
माझ्या ओंजळीत ओतली.

दोर मी तिथेच देऊन आले.
झाफिसुआनं लगेच सुरी काढून तुकडे केले,
बकऱ्या बांधायला. आखूड आखूड.
बकरी लांब गेलेली तिला आवडत नाही.